मेंदूतली 'वेगळी नस' म्हणजे आजार नव्हे

पूर्वी वस्तीत कुणाला चक्कर आली, डोके दुखू लागले, तर डॉक्टर तपासून गोळी देत. आता सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही गेले तरी डोक्याचा सीटी किंवा एमआरआय लिहून मिळतो. कुणी उचल घेतो, कुणी बचत गटातून पैसे काढतो, कुणी कानातले गहाण ठेवतो आणि तपासणी होते. मग हातात मोठे पाकीट येते. आत काळ्या फिल्म आणि दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट. घरातला शिकलेला मुलगा त्यातला एखादा अवघड शब्द मोबाईलवर शोधतो आणि सगळे घर घाबरून जाते. 'आईच्या मेंदूची नस बारीक आहे', 'ताईच्या डोक्यात एक नसच नाही' अशी बातमी संध्याकाळपर्यंत वस्तीभर होते.

या अंकात आपण हाच विषय घेतला आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची रचना प्रत्येक माणसात थोडीफार वेगळी असते. काहींत ती फारच वेगळी, क्वचित आढळणारी असते. बहुतेक वेळा हा वेगळेपणा जन्मापासूनचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. काही थोड्या वेळा मात्र त्याकडे लक्ष द्यावे लागते. यातले कोणते कोणते, हे समजले की नको तिथे पैसा आणि झोप जाणार नाही, आणि हवे तिथे वेळही वाया जाणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या बोलण्यात 'नस' हा शब्द सगळ्यालाच लागतो. पाय आखडला तरी नस, रक्त काढले तरी नस. इथे आपण फक्त हृदयाकडून मेंदूकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्यांबद्दल, म्हणजे धमन्यांबद्दल बोलत आहोत. हातापायांना मुंग्या येतात त्या नसा वेगळ्या.

मेंदूला रक्त कसे पोचते

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्यातला १५ ते २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. हे रक्त चार मोठ्या नळ्यांतून वर जाते. दोन नळ्या मानेच्या पुढच्या बाजूने जातात. गळ्याच्या बाजूला बोट ठेवले की जी उडते ती हीच; हिला कॅरॉटिड म्हणतात. दोन नळ्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून मागच्या बाजूने वर जातात. त्यांना व्हर्टिब्रल म्हणतात.

मागच्या दोन नळ्या कवटीत शिरल्यावर एकत्र येऊन एक होतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात आणि पुढे एकच पात्र वाहते, तसेच हे. या एकत्र झालेल्या नळीला बॅसिलर म्हणतात.

मग मेंदूच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या नळ्या छोट्या जोडनळ्यांनी एकमेकींना जोडल्या जातात आणि एक गोल कडे तयार होते. १६६४ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी आपल्या ग्रंथात या कड्याचे वर्णन केले, म्हणून त्याला 'सर्कल ऑफ विलिस' म्हणतात. या कड्याचा उपयोग वस्तीतल्या गोल फिरवलेल्या पाइपलाइनसारखा आहे. एका बाजूचा व्हॉल्व्ह बंद पडला तरी दुसऱ्या बाजूने फिरून पाणी येते. विलिस यांनी एका मृत माणसाची तपासणी केली होती. त्याची एका बाजूची मानेतली नळी पूर्ण बंद झालेली होती, पण त्याला अर्धांगवायू झालेला नव्हता. मागची नळी मोठी होऊन तिने काम भागवले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या आपल्या विषयाचा पाया आहे. शरीर एकाच वाटेवर अवलंबून राहत नाही.

रचना वेगळी का होते

पुस्तकात काढलेले पूर्ण, दोन्ही बाजूंनी सारखे कडे प्रत्यक्षात अनेक अभ्यासांत निम्म्याहून कमी माणसांत सापडले आहे. म्हणजे पुस्तकापेक्षा थोडे वेगळे असणे हीच बहुतेकांची गोष्ट आहे.

बाळ आईच्या पोटात असताना पहिल्या दीड-दोन महिन्यांत मेंदूच्या नळ्या अनेकदा बदलतात. सुरुवातीला पुढच्या नळ्यांमधून मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या तात्पुरत्या वाटा असतात. मागची मोठी नळी तयार झाली की या वाटा बंद होऊन विरून जातात. घर बांधताना परात बांधतात आणि काम झाले की उतरवतात, तसे. कधी एखादी तात्पुरती वाट तशीच राहून जाते. कधी एखादी नळी नीट वाढत नाही आणि शेजारची तिचे काम घेते. इतकेच घडलेले असते.

यात आईचा काही दोष नसतो. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून, कुणाची नजर लागली म्हणून किंवा मागच्या जन्मीच्या पापाने असे होते, असे कुणी सांगितले तर ते खोटे आहे. नळी वेगळी असणे हे हाताच्या रेषा वेगळ्या असण्यासारखे आहे.

'मग पूर्वी असे का ऐकू येत नव्हते?' असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. कारण पूर्वी हे जिवंत माणसात दिसतच नव्हते. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनीझ यांनी नळीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहिला एक्स-रे काढला. त्याआधी फक्त मृतदेहाच्या चिकित्सेतूनच हे कळत असे. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, त्यानंतर एमआरआय आला. नस आधीही तशीच होती, आता फक्त ती दिसू लागली आहे.

रिपोर्टमध्ये नेहमी दिसणारे शब्द

हायपोप्लास्टिक : म्हणजे जन्मतः बारीक राहिलेली नळी. हा शब्द बहुतेक वेळा मागच्या व्हर्टिब्रल नळीबद्दल असतो. दोन व्हर्टिब्रल नळ्या सारख्या असणारी माणसे कमीच. साधारण निम्म्या लोकांत डावी मोठी असते, काहींत उजवी मोठी असते. वेण्णा कृष्णेपेक्षा लहान आहे म्हणून ती काही आजारी नदी नव्हे. दोघींचे पाणी मिळून पुढे जाते. तसेच इथे.

डॉमिनंट : म्हणजे दोहोंपैकी मोठी नळी. 'लेफ्ट व्हर्टिब्रल डॉमिनंट' असे लिहिले असेल तर डावी नळी जास्त रक्त नेते एवढाच अर्थ.

फीटल ओरिजिन : मेंदूच्या अगदी मागच्या भागाला, जिथे डोळ्यांनी पाहिलेले समजते, तिथे रक्त सहसा मागच्या बॅसिलर नळीतून येते. काहींत ते पुढच्या कॅरॉटिड नळीतून येते. पोटातल्या बाळात अशीच वाट असते, म्हणून हे नाव. हे बरेचदा आढळते. दहा माणसांत एकापासून तीन जणांपर्यंत असू शकते.

एप्लास्टिक किंवा अ‍ॅब्सेंट : म्हणजे नळी तयारच झालेली नाही. हे बहुधा कड्यातल्या छोट्या जोडनळीबद्दल असते. बाकीचे रस्ते नीट असतील तर काही त्रास होत नाही.

नॉर्मल व्हेरिएंट : हा सगळ्यात दिलासा देणारा शब्द आहे. याचा अर्थ 'वेगळे आहे, पण आजार नाही'.

क्वचित आढळणारे प्रकार

आता जे फार थोड्या माणसांत दिसतात ते पाहू.

फेनेस्ट्रेशन : नळी थोडे अंतर दोन भागांत फुटते आणि पुन्हा एक होते. नदीत बेट आले की पाणी दोन बाजूंनी जाऊन पुढे एकत्र येते, तसे. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही.

अ‍ॅझायगॉस : मेंदूच्या दोन अर्ध्या भागांच्या मधून पुढच्या बाजूला दोन नळ्या शेजारी-शेजारी वर जातात. काही थोड्यांत त्या दोन्ही मिळून एकच खोड होते आणि पुढे फाटा फुटतो.

पर्सिस्टंट ट्रायजेमिनल : वर सांगितलेली तात्पुरती वाट, जी जन्माआधीच बंद व्हायला हवी होती पण तशीच राहिली. हजार माणसांत एखाद-दोघांपासून पाच-सहा जणांपर्यंत ही सापडते. अशा राहून गेलेल्या वाटांमध्ये हीच सर्वांत जास्त दिसते.

कॅरॉटिड एजेनेसिस : मानेतून वर जाणारी पुढची एक मोठी नळी जन्मतःच नसणे. हे दहा हजारांत एकापेक्षाही कमी माणसांत असते. ऐकताना भीती वाटते, पण अशी माणसे संसार करतात, शेतात राबतात, आणि दुसऱ्याच कशासाठी स्कॅन काढल्यावर त्यांना हे कळते. बाकीच्या तीन नळ्या आणि विलिसचे कडे त्यांचे काम चालवतात.

आर्टरी ऑफ पर्शेरॉन : मेंदूच्या मध्यभागी डावीकडे आणि उजवीकडे दोन गाठीसारखे भाग असतात. माणसाला जागे ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. सहसा दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या बारीक नळ्या रक्त देतात. काहींत एकच बारीक नळी दोन्ही बाजूंना पुरवते. फ्रान्सचे डॉक्टर पर्शेरॉन यांनी १९७३ मध्ये हे सविस्तर मांडले. नळी इतकी बारीक असते की नेहमीच्या स्कॅनमध्ये सहसा दिसतच नाही. ती बंद पडल्यावरच तिचे अस्तित्व लक्षात येते.

वेगळेपणाकडे लक्ष कधी द्यायचे

वेगळी नळी स्वतः आजार नसली तरी चार ठिकाणी डॉक्टरांना ती माहीत असावी लागते.

पहिले, फुगा. नळीच्या भिंतीवर कमजोर जागी फुग्यासारखा भाग येतो, त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. अ‍ॅझायगॉस प्रकारात जिथे खोडाला फाटा फुटतो तिथे, किंवा कॅरॉटिड नसताना ज्या नळ्यांवर जादा भार येतो तिथे, असा फुगा होण्याची शक्यता थोडी जास्त असते. म्हणून असा रिपोर्ट असेल तर डॉक्टर त्या जागा नीट पाहतात. फुगा म्हटले की तो फुटणारच असे नाही. शंभर मोठ्या माणसांत सुमारे तिघांच्या मेंदूत न फुटलेला फुगा असतो आणि त्यातले बहुतेक कधीच फुटत नाहीत. आकार, जागा, वय, रक्तदाब आणि तंबाखू पाहून डॉक्टर ठरवतात की नुसते लक्ष ठेवायचे की उपचार करायचे.

दुसरे, एका वाटेवर दोन घरे. अ‍ॅझायगॉस नळी बंद पडली तर एका पायाऐवजी दोन्ही पाय लुळे पडू शकतात. 'अर्धांगवायूत एकच बाजू जाते, याचे दोन्ही पाय गेले, म्हणजे हे दुसरेच काहीतरी' असे समजून घरी बसू नये.

तिसरे, गुठळी कुठून आली हे शोधताना. फीटल ओरिजिन असलेल्या माणसाची एका बाजूची नजर अचानक गेली, तर गुठळी मानेतल्या पुढच्या नळीतून आलेली असू शकते. रचना माहीत असली की डॉक्टर योग्य जागी शोध घेतात.

चौथे, ऑपरेशनच्या आधी. मेंदूच्या तळाशी, मानेत किंवा नळीतून तार घालून काही करायचे असेल तर राहून गेलेली वाट आधी माहीत हवी. पर्सिस्टंट ट्रायजेमिनल असलेल्या काहींना चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकल्यासारख्या कळा येतात. तसे होत असेल तर दात काढत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

अचानक न उठणारा माणूस

पर्शेरॉनच्या नळीबद्दल वेगळे सांगणे जरुरीचे आहे, कारण इथे आपल्या वस्तीत जीव जातो तो गैरसमजामुळे. ही नळी बंद पडली तर माणसाचे तोंड वाकडे होत नाही, हातपाय लुळे पडतातच असेही नाही. तो फक्त झोपेतच राहतो. हाक मारली की डोळे किलकिले करतो आणि पुन्हा झोपतो. नजर वर जात नाही, बोलणे असंबद्ध होते. पहिला साधा सीटी कधी कधी चांगला येतो आणि खरा प्रकार एमआरआयवर कळतो.

अशा वेळी 'बाहेरचे झाले', 'अंगात आले' म्हणून देवऋषाकडे नेण्यात, लिंबू उतरवण्यात, अंगारा लावण्यात सकाळची दुपार होते. अचानक न उठणाऱ्या माणसाला बरीच कारणे असतात. साखर फार कमी होणे, रात्री मण्यार चावणे, औषध पोटात जाणे, मेंदूतला रक्तस्राव, गुठळी. यातले प्रत्येक कारण दवाखान्यातच कळते आणि प्रत्येकात वेळेला किंमत आहे.

जन्मतः बारीक की आजाराने अरुंद

रिपोर्टमधला महत्त्वाचा फरक हा आहे. हायपोप्लास्टिक म्हणजे जन्मतः बारीक. स्टेनोसिस म्हणजे आजाराने अरुंद झालेली. ऑक्लूजन म्हणजे बंद पडलेली. इन्फार्क्ट म्हणजे रक्त न मिळाल्याने मेंदूचा तेवढा भाग मेलेला. शेवटचे तीन शब्द असतील तर उपचार लागतात.

डॉक्टर हा फरक कसा ओळखतात? जन्मतः बारीक नळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच बारीक असते. आजाराने अरुंद झालेली नळी मध्येच एका जागी आवळलेली, खडबडीत दिसते, आतून गाळ धरलेल्या पाइपसारखी. दुसरी खूण हाडात असते. नळी जन्मतः नसेल तर तिच्यासाठी कवटीच्या तळाशी असणारा हाडातला बोगदाही तयार झालेला नसतो किंवा फार लहान असतो. बोगदा नेहमीएवढा असून नळी दिसत नसेल तर ती नंतर बंद पडली असण्याचा संशय येतो.

आणखी एक बारकावा. नळ्यांचा एमआरआय, ज्याला एमआरए म्हणतात, तो बहुधा औषध न टोचता काढतात. त्यात वाहणारे रक्त दिसते. रक्त फार सावकाश वाहत असेल किंवा नळी फार बारीक असेल तर ती 'दिसत नाही' असा रिपोर्ट येतो. दिसत नाही म्हणजे नाहीच असे नव्हे. शंका असेल तर डॉक्टर सीटी अँजिओग्राफी सांगतात. त्यात औषध टोचतात, म्हणून किडनीचा त्रास, साखरेच्या गोळ्या, औषधाची अ‍ॅलर्जी किंवा पोटात बाळ असेल तर आधीच सांगावे. एमआरआयच्या आधी हृदयातला पेसमेकर किंवा शरीरातली कुठलीही धातूची पट्टी, क्लिप सांगणे तेवढेच जरुरीचे.

समजा, एका ताईचा रिपोर्ट

समजा, तासगावकडच्या एका वस्तीतली चाळिशीची ताई आहे. द्राक्षबागेत मजुरीला जाते. चक्कर येते म्हणून एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिले आहे, उजवी व्हर्टिब्रल हायपोप्लास्टिक, बाकी मेंदू चांगला. कुणीतरी सांगते, 'नस सुकली आहे, मोठे इंजेक्शनचे कोर्स घ्यावे लागतील.'

इथे ताईने थांबून तीन प्रश्न विचारावेत. हे जन्मापासूनचे आहे का? माझ्या चक्करचे कारण हेच आहे का? यासाठी खरोखर उपचार लागतात का? जन्मतः बारीक असलेली नळी जाड करणारी गोळी नाही, इंजेक्शन नाही, मालीश नाही, काढा नाही. चक्कर येण्याची नेहमीची कारणे दुसरी असतात. रक्त कमी असणे, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा बिघाड, रक्तदाब वर-खाली होणे, साखर, उपाशीपोटी उन्हात काम. हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासायला एमआरआयच्या मानाने फारच थोडा खर्च येतो. सरकारी दवाखान्यात तर तोही नाही. पण चक्करबरोबर एकाला दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे किंवा चालताना एका बाजूला पडणे असेल, तर मात्र तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे थांबायचे नाही.

आणखी एक. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये असा शब्द आला तर तो चावडीवर नेऊ नका. वेगळी नळी असलेली मुलगी संसार करू शकते, बाळंत होऊ शकते, काम करू शकते. सोयरीक मोडण्याजोगे त्यात काही नाही. घरातल्या सगळ्यांचे स्कॅन काढत बसण्याचीही गरज नसते. आईवडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना मेंदूतला फुगा झाला असेल, तर मात्र बाकीच्यांची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

खरा शत्रू कोण

आपण दुर्मिळ नळीला भितो आणि रोजच्या शत्रूला घरात बसवतो. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत दोन वर्षे प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण मेंदूचा झटका निघाले. साधारण सातांत एक मृत्यू झटक्याने, आणि त्यातले दहापैकी जवळपास नऊ जण घरीच गेले. गडचिरोली आपल्यापासून लांब आहे, पण तिथली माणसे आपल्यासारखीच कष्टाची.

झटक्यामागे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. त्याच्या जोडीला तंबाखू, बिडी, दारू, साखर. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बायकांची मिश्री हा मोठा प्रश्न आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासायच्या निमित्ताने तो दिवसातून चार वेळा तोंडात जातो. लोणचे, पापड, सुकट, वरून घेतलेले मीठ यांनीही रक्तदाब वाढतो. जन्माने मिळालेली रचना आपल्या हातात नाही. विलिसचे कडे चांगले असले तरी रक्तदाबाने नळ्या आतून खराब झाल्यावर ते किती वाचवणार? आणि कडे अपुरे असले तर नळ्या जपण्याची गरज जास्तच.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तो मोफत मोजतात. आशाताईंना सांगून रविवारी विहारातही मोजणी ठेवता येते. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांना दाखवावे. गोळी सुरू झाली की 'आता बरे वाटते' म्हणून बंद करायची नाही. बरे वाटते ते गोळीमुळेच.

झटका ओळखा, वेळ पाहा

तोंड : हसायला सांगा. एका बाजूला वाकडे होते का?
हात : दोन्ही हात वर धरायला सांगा. एक खाली पडतो का?
बोली : एक वाक्य बोलायला सांगा. जीभ जड झाली, शब्द चुकतात का?
वेळ : यातले एक जरी असेल तर घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा.

यांच्या जोडीला अचानक तोल जाणे, अचानक दिसेनासे होणे, किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात शिखराला पोचणारी डोकेदुखी, हीसुद्धा धोक्याची चिन्हे आहेत. शेवटचे चिन्ह फुगा फुटल्याचे असू शकते.

झटक्यात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सीटी काढून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. मोठी नळी बंद असेल तर काही रुग्णांत तार घालून गुठळी काढता येते, त्याला २४ तासांपर्यंतही मुदत मिळू शकते. हे साडेचार तास दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे, तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांतून मिरज, सांगली, कराड किंवा सातारा गाठायला तास-दोन तास जातात. म्हणून 'सकाळपर्यंत बघू' हे परवडणारे नाही.

'वारे गेले' म्हणून तेल चोळणे, कबुतराचे रक्त लावणे, पाणी किंवा गोळी तोंडात घालणे, हे करू नये. गिळता येत नसेल तर पाणी फुप्फुसात जाते. सीटी होण्याआधी घरातून अ‍ॅस्पिरिन देऊ नये. झटका रक्तस्रावाचा असेल तर ती घातक ठरते. कुशीवर झोपवा, घट्ट कपडे सैल करा, जुने कागद आणि चालू गोळ्या बरोबर घ्या.

आजच करून ठेवण्याची कामे

एक. आपल्या गावाहून जवळचे असे कोणते रुग्णालय आहे जिथे सीटी रात्रीही चालू असतो, हे आजच विचारून ठेवा. सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, साताऱ्याचे सिव्हिल, कराडची रुग्णालये, यांपैकी आपल्याला कोणते सोयीचे ते घरातल्या सर्वांना माहीत हवे.

दोन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच त्याला भेटा. योजनेचा फोन १५५३८८.

तीन. स्कॅनच्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट रद्दीत टाकू नका, ट्रंकेत ठेवा. रिपोर्टमध्ये 'नॉर्मल व्हेरिएंट' किंवा कुठल्या वेगळ्या नळीचे नाव असेल तर ते एका वहीत मराठीत लिहून घ्या. पुढे कधी झटका आला किंवा ऑपरेशन ठरले, तर जुन्या आणि नव्या चित्राची तुलना करून डॉक्टर लगेच सांगू शकतील की ही नळी जन्मापासून अशी आहे की आता बंद पडली. तेव्हा नवीन तपासणीत जाणारा वेळ त्या जुन्या कागदामुळे वाचेल.